नाकातोंडात पाणी गेल्यानंतरची संध्याकाळ

दर वर्षी शाळांच्या परीक्षा आटोपल्या आणि पोहण्याच्या टँकवर उन्हाळी बॅच सुरू झाल्या की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. परदेशातला एक लहान मुलगा पाण्यात खेळून घरी आला, जेवला, हसला-बोलला आणि काही दिवसांनी अचानक गेला, कारण त्याच्या फुफ्फुसात थोडेसे पाणी राहून गेले होते, असा त्याचा आशय असतो. ‘कोरडे बुडणे’ किंवा ‘दुय्यम बुडणे’ असे भारदस्त नाव त्याला दिलेले असते आणि शेवटी हा संदेश प्रत्येक आईपर्यंत पोहोचवण्याची कळकळीची विनंती असते. भाच्याला टँकवर सोडायला-आणायला मी अधूनमधून जाते, तेव्हा गॅलरीत बसलेल्या आयांवर या संदेशाचा काय परिणाम होतो ते मला दिसते. कुणाच्याही पोराला ठसका लागला की सगळ्यांच्या माना एकदम पाण्याकडे वळतात, आणि एखादी आई त्या दिवसापासून मुलाला पाण्यात पाठवणेच बंद करते.

या संदेशामागची घटना काल्पनिक नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील टेक्सास राज्यात चार वर्षांचा एक मुलगा कुटुंबासोबत समुद्रकाठी गेला होता आणि तेथे लाटेच्या तडाख्याने पाण्यात पडला होता. पुढे त्याला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि साधारण आठवडाभरात तो दगावला. ‘कोरड्या बुडण्याचा बळी’ म्हणून त्याची बातमी जगभर गेली. काही काळाने शवविच्छेदनाचा निष्कर्ष आला, तेव्हा मृत्यूचे कारण हृदयाच्या स्नायूंचा दाह असल्याचे समजले. पाण्याशी त्याचा संबंध नव्हता. ही दुसरी बातमी मात्र आपल्या गटांवर कधी पोहोचली नाही. आठवडाभर दबा धरून बसलेल्या पाण्याची गोष्ट जितकी चटकन फिरते, तितकी हृदयाच्या दाहाची फिरत नाही.

मला या संदेशाचा राग येतो, पण तो अतिरंजित आहे एवढ्यासाठी नव्हे. श्वासावाटे पाणी आत गेल्यावर नंतर धोका उद्भवू शकतो, हे खरेच आहे. संदेश ज्या वेळी घाबरायला सांगतो ती वेळ मात्र चुकीची आहे. तो पालकाला आठवडाभर धास्तावून ठेवतो आणि ज्या सहा-आठ तासांत डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे, त्या तासांबद्दल नेमके काहीच सांगत नाही.

पाणी घशात गेले की शरीर प्रथम काय करते ते पाहण्यासारखे आहे. पाण्याचा स्पर्श होताच स्वरयंत्र आवळून वाट बंद करते आणि त्यातूनही जे थोडे खाली उतरते ते खोकल्याने बाहेर फेकले जाते. विहिरीत पोहायला शिकलेल्या प्रत्येकाने अशा गटांगळ्या खाल्लेल्या आहेत आणि त्यातले बहुतेक सारे दोन मिनिटे खोकून पुन्हा सूर मारायला धावले आहेत. प्यायलेले पाणी पोटात जाते. त्याने पोट दुखेल, उलटी होईल, पण श्वासाला त्याचा त्रास नाही. प्रश्न उभा राहतो तो खोकला अपुरा पडून पाणी फुफ्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचते तेव्हा.

हे वायुकोश अत्यंत नाजूक असतात आणि श्वास सोडल्यावर ते मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांच्या आतल्या बाजूस सर्फॅक्टंट नावाच्या स्निग्ध द्रव्याचा पातळ थर असतो. आत आलेले पाणी हा थर धुऊन टाकते किंवा बिघडवते. मग काही वायुकोश मिटतात, काहींच्या भिंतींतून रक्तातला द्रव आत झिरपू लागतो आणि त्या भागातून जाणारे रक्त प्राणवायू न घेताच पुढे जाते. म्हणजे पुढच्या काही तासांत फुफ्फुसात जे पाणी वाढते, त्यातला बराच भाग टँकमधला नसून शरीरातूनच झिरपलेला असतो. टँकमधील पाणी एका क्षणी आत गेले आणि थांबले, पण त्याने सुरू केलेला बिघाड लगेच थांबेलच असे नाही, आणि ‘नंतर’ होणाऱ्या त्रासाचे मूळ एवढेच आहे. त्यासाठी फार पाणी लागतही नाही. शरीराच्या दर किलो वजनामागे एक ते तीन मिलिलिटर पाणी फुफ्फुसात गेले तरी प्राणवायूची देवाणघेवाण बिघडू शकते. वीस किलोच्या मुलाच्या बाबतीत हे पाणी जास्तीत जास्त अर्धा कप भरेल. गोडे पाणी अधिक वाईट की खारे, यावर पूर्वी बराच काथ्याकूट झाला, परंतु माणसात प्रत्यक्ष दिसणारा परिणाम जवळपास सारखाच असतो. त्यामुळे ‘टँकचेच तर पाणी आहे, समुद्राचे नाही’ या दिलाशाला अर्थ नाही, आणि याच्या उलट दिलाशालाही नाही.

ही प्रक्रिया गुपचूप चालत नाही, ही यातली सगळ्यात महत्त्वाची बाब आहे. वायुकोश मिटू लागले की श्वास जलद होतो, खोकला थांबत नाही, मूल थकते. या प्रक्रियेला सुरुवात असते, चढ असतो आणि तो बाहेरून दिसतो. २००२ साली ॲमस्टरडॅम येथे या विषयावर जागतिक परिषद भरली होती. पाण्यात बुडाल्यामुळे किंवा पाणी तोंडा-नाकावर आल्यामुळे श्वसनात बिघाड होण्याची प्रक्रिया म्हणजे बुडणे, मग त्यातून माणूस मरो, अधू होवो किंवा ठणठणीत बरा होवो, अशी व्याख्या तेथे ठरली. कोरडे, ओले, दुय्यम असे बुडण्याचे प्रकार पाडणे त्यानंतर वैद्यकशास्त्राने सोडून दिले. तपासणीत पूर्णपणे निर्धोक आढळलेले मूल आठ तास उलटून गेल्यावर अकस्मात बिघडून दगावल्याचे उदाहरण वैद्यकीय वाङ्मयात सापडत नाही. त्रास व्हायचाच असेल तर तो बहुधा पहिल्या सहा-आठ तासांत डोके वर काढतो. म्हणूनच रुग्णालये अशा रुग्णाला साधारण तेवढा वेळ निरीक्षणाखाली ठेवतात. घरी लक्ष ठेवायचे असेल तर एक पूर्ण दिवस आणि एक रात्र धरावी.

ब्राझीलचे डॉक्टर डेव्हिड स्पिलमन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत मला फार मोलाचा वाटतो. रिओ द जानेरोच्या किनाऱ्यांवर १९७२ ते १९९१ या काळात जीवरक्षकांनी पाण्याबाहेर काढलेल्या ४१,२७९ लोकांच्या नोंदींतून तो उभा राहिला. त्यांपैकी २,३०४ जणांना, म्हणजे शंभरात पाच-सहा जणांनाच, वैद्यकीय मदतीसाठी पाठवावे लागले होते. पुरेशी माहिती उपलब्ध असलेल्या १,८३१ रुग्णांची त्यांनी लक्षणांनुसार प्रतवारी केली. केवळ खोकला आहे, पण छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर आवाज स्वच्छ येतो, अशांत कोणीही दगावले नाही. छातीच्या काही भागात बारीक घरघर ऐकू येत असेल तर मृत्यूचे प्रमाण ०.६ टक्के होते. तोंडाला फेस आणि दोन्ही फुफ्फुसांत पाणी, परंतु रक्तदाब शाबूत, अशा स्थितीत ते ५.२ टक्क्यांवर गेले. रक्तदाबही घसरला असेल तर १९ टक्क्यांवर. श्वास बंद पडलेल्यांत ते ४४ टक्के आणि हृदयही थांबलेल्यांत ९३ टक्के होते. या आकड्यांत मला पालकांसाठी दिलासा आणि इशारा दोन्ही एकत्र दिसतात. साध्या खोकल्यापासून छातीतल्या घरघरीपर्यंतची पायरी छोटी आहे, पण त्यापुढची प्रत्येक पायरी उंच होत जाते. आणि खालच्या पायऱ्यांवर असताना गरज असते ती बहुधा फक्त प्राणवायूची आणि लक्ष ठेवणाऱ्या माणसाची.

माझ्या भाच्याच्या बाबतीत अशी एक संध्याकाळ आली होती. खोल पाण्याच्या बाजूला दुसरा मुलगा अंगावर पडल्यामुळे तो खाली गेला, सरांनी त्याला लगेच वर काढले, तो बराच वेळ खोकला आणि मग इतर मुलांबरोबर चालत बाहेर आला. घरी आल्यावर खोकला पूर्ण थांबेना, तेव्हा ताईचा फोन आला आणि मी जाऊन पाहते तर तिच्या हातात तो संदेश उघडा होता. इमारतीत राहणाऱ्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे आम्ही त्याला घेऊन गेलो. त्यांनी छाती तपासली, बोटाला ऑक्सिमीटर लावला, ठीक आहे म्हणाल्या, आणि मग ताईला एक काम दिले: ‘दर तासाने त्याचा सदरा वर करायचा, घड्याळ समोर ठेवायचे आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. आकडे कागदावर लिहा. वाढत चालले तर मला उठवा, आणि मी भेटले नाही तर थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.’

त्या कागदाने ताईला जेवढे शांत केले तेवढे माझ्या कोणत्याही समजावणीने केले नसते. मूल शांत बसलेले किंवा झोपलेले असताना श्वास मोजणे, ही आपल्याकडच्या आशा आणि अंगणवाडी सेविकांना न्यूमोनिया, म्हणजे गावाकडचा ‘डबा’, ओळखण्यासाठी शिकवली जाणारी गोष्ट आहे. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला चाळीस किंवा त्याहून जास्त असतील तर ते जलद समजायचे, हा त्यांचा नियम. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तर अक्षरओळख नसलेल्या सुईणींनाही श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचे साधन केले होते. जे काम त्या बायका एवढ्या नीट करत आल्या, ते शहरातल्या सुशिक्षित आईबापांना कुणी शिकवलेले नसते. आम्हाला संदेश पुढे पाठवायला तेवढे शिकवलेले आहे, असे कधीकधी वाटते.

आकड्यांइतकेच महत्त्व दिसणाऱ्या खुणांना आहे. श्वास घेताना बरगड्यांखालची किंवा गळ्याच्या खळगीतली कातडी आत ओढली जाणे, नाकपुड्या फुलणे, बोलताना वाक्य अर्ध्यावर तुटणे, श्वासाबरोबर घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येणे, तोंडाला फेस येणे, ओठ किंवा जीभ निळसर दिसणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढचा तास मोजत बसायचे नाही. १०८ ला फोन करायचा किंवा गाडी काढायची. वारंवार उलट्या होणे, मूल भ्रमिष्टासारखे वागणे किंवा हाक मारूनही नीट जागे न होणे हेही त्यातच आले. यात झोपेचे तेवढे अवघड आहे, कारण पोहून आलेले मूल एरवीही गाढ झोपते. पोहून आलेल्या मुलाला लागणारी भूक मात्र उपयोगी पडते. दोन पोळ्या जास्त खाऊन भावंडांशी भांडणारे मूल आणि ताटावर बसून खोकत, गळून गेलेले मूल यांतला फरक आईला कुणी सांगावा लागत नाही. झोपू द्यायला हरकत नाही, फक्त मधूनमधून उठवून ते ओळखते आहे ना, बोलते आहे ना, ते पाहावे. दमा असलेल्या मुलाकडे अधिक लक्ष हवे, कारण थोड्या पाण्यानेही त्याच्या श्वासनलिका आवळू शकतात.

करोनाच्या साथीपासून घराघरांत पडून असलेले ऑक्सिमीटर अशा वेळी कामी येतात, पण बोट गार असेल, नखाला रंग लावलेला असेल किंवा मूल चुळबुळ करत असेल तर ते चुकीचा आकडा दाखवतात. शिवाय मूल जोरजोराने श्वास घेऊन प्राणवायूची पातळी काही काळ टिकवून धरू शकते. आकडा चांगला आणि श्वास जलद, अशा वेळी मी श्वासावर विश्वास ठेवीन. भाच्याचे श्वास रात्री उशिरापर्यंत उतरत गेले आणि सकाळी त्याचा खोकलाही थांबला होता. परंतु पाण्याबाहेर काढल्यावर तो क्षणभरही बेशुद्ध असता किंवा त्याला कृत्रिम श्वास द्यावा लागला असता, तर घरी मोजत बसण्याचा प्रश्नच नव्हता. असे मूल पाच मिनिटांनी उठून बसले, हसू लागले, घरी जायचा हट्ट करू लागले तरी त्याला रुग्णालयातच न्यायला हवे.

आमच्या आजोळी, सातारा जिल्ह्यात, पोरांना पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधून विहिरीत ढकलत. कोणी खरोखर बुडताना वर काढला की त्याला पालथे घालून पोट दाबायचे, उलटे धरून गरगर फिरवायचे, पोटातले पाणी काढायचे, हा सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय होता. या समजुतीची आपण गावंढळ म्हणून टर उडवू नये, कारण घशात अडकलेला घास काढण्यासाठी पोटाला झटका देण्याची पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या अमेरिकेच्या डॉ. हाइमलिक यांनीही बुडालेल्या माणसासाठी हाच मार्ग सुचवला होता. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९४ मध्ये तपासणी करून तो नाकारला. पोट दाबल्याने फुफ्फुसातले पाणी निघत नाही. पोटातले अन्न-पाणी मात्र वर येते आणि श्वासनलिकेत उतरते, म्हणजे मूळच्या त्रासात आंबट जठररसाची भर पडते. बुडालेल्या माणसाला प्राणवायू हवा असतो, म्हणून श्वास थांबलेल्या अशा माणसाला आधी तोंडाने श्वास द्यायचे आणि मग छाती दाबायची असा क्रम आहे. युरोपातील मार्गदर्शक तत्त्वे सुरुवातीलाच पाच श्वास द्यायला सांगतात. हृदयविकाराच्या झटक्यासाठी शिकवतात ती केवळ छाती दाबण्याची पद्धत येथे पुरेशी नाही. पोहण्याच्या वर्गाला मुले पाठवणाऱ्या पालकांसाठी एखाद्या रविवारी हे बाहुलीवर शिकवले जावे, असे मला फार वाटते.

टँकच्या बाबतीत आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. जंतुनाशक म्हणून वापरले जाणारे हायपोक्लोराइट आणि पाण्याची आम्लता राखण्यासाठी वापरले जाणारे आम्ल चुकून एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. डोळे आणि घसा लगेच चुरचुरतात, पण फुफ्फुसांची सूज काही तासांनी वाढू शकते. एकाच वेळी टँकमधली अनेक मुले खोकू लागली तर कारण गटांगळीचे नसून हवेचे आहे असे समजून सगळ्यांना आधी मोकळ्यावर काढावे.

यापुढचा धोका निराळ्या जातीचा आहे, आणि त्याला मात्र दिवस लागतात. आत गेलेल्या पाण्याबरोबर काय गेले, यावर तो अवलंबून असतो. स्वच्छ क्लोरिनयुक्त टँकमध्ये ही भीती कमी. नदीचा डोह, शेततळे, बंद पडलेली खाण, पुराचे गढूळ पाणी यांत जास्त. दोन-तीन दिवसांनी ताप, छातीत दुखणे, पिवळट बेडका असे सुरू झाले तर ते न्यूमोनियाचे लक्षण असू शकते. तो होऊ नये म्हणून आधीपासूनच प्रतिजैविके देत बसण्याचा उपयोग होत नाही. ती लागण झाल्यावरच द्यायची असतात.

लेप्टोस्पायरोसिस तर मुंबई आणि कोकणाच्या ओळखीचा आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने त्याची मोठी साथ पाहिली. उंदीर आणि गुरांच्या मूत्रातून पाण्यात आलेले हे जंतू जखमेतून, डोळ्यांतून, नाकातोंडातूनही शिरतात, आणि ताप यायला बहुधा एक-दोन आठवडे, क्वचित महिनाही लागतो. २००० साली बोर्निओ बेटावर झालेल्या एका आंतरराष्ट्रीय साहसी स्पर्धेतील खेळाडू आपापल्या देशी परतल्यावर या तापाने आजारी पडले, तेव्हा सेगामा नदीत पोहणे हे त्यांच्या आजारातले ठळक कारण असल्याचे निष्पन्न झाले. कर्नाटकच्या किनारपट्टीवर आणि इतरत्रही पावसाळ्यात माती-पाण्यातून होणारा मेलिऑयडोसिस हा जिवाणूंचा आजार मधुमेही माणसांना विशेष गाठतो. फुफ्फुसात गेलेल्या घाण पाण्यातील बुरशी काही आठवड्यांनी मेंदूत गळू करते, हे तर फारच विरळ, पण डॉक्टरांना ठाऊक असलेले.

मेंदू खाणाऱ्या अमीबाच्या बातम्या केरळातून येऊ लागल्यापासून लोक त्याची भीती गटांगळीला जोडू लागले आहेत. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा हा जीव १९६५ साली ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे माल्कम फाउलर आणि रॉडनी कार्टर यांनी माणसातील रोगाचे कारण म्हणून प्रथम दाखवून दिला. तो फुफ्फुसातून किंवा पोटातून शिरत नाही. कोमट गोडे पाणी नाकात जोराने गेले तर गंधाच्या मज्जातंतूंवरून थेट मेंदूकडे जातो. नीट क्लोरिन असलेल्या पाण्यात तो टिकत नाही. एक ते बारा दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या आणि ताठरलेली मान अशी त्याची लक्षणे सुरू होतात आणि बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. परंतु २०२४ मध्ये कोझिकोड जिल्ह्यातील चौदा वर्षांचा एक मुलगा लवकर निदान आणि उपचार झाल्यामुळे वाचला. त्याच्या बाबतीत पाण्याशी आलेला संबंध वेळेवर लक्षात आला होता.

या सगळ्या तापांची सुरुवात साध्या तापासारखीच असते. दवाखान्यात गेल्यावर ताप किती, जुलाब आहेत का, शाळेत कोणी आजारी आहे का, एवढे विचारले जाते. दहा दिवसांपूर्वी मामाच्या गावच्या डोहात मूल गटांगळ्या खाऊन आले, हे घरच्यांनीच विसरलेले असते. मूल तर मुळीच सांगत नाही, कारण सांगितले की पोहणे बंद होईल हे त्याला पक्के माहीत असते. म्हणून आता ताईने कालनिर्णयवर, दूध आणि गॅसच्या नोंदींच्या शेजारी, भाचा कुठल्या पाण्यात उतरला तेही लिहायला सुरुवात केली आहे, आणि तापाच्या वेळी डॉक्टरांना ती तारीख आणि ते पाणी आपणहून सांगते.